मुंबई नको म्हणणारा जनरल

बाबांच्या बॅगेतून तीन किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दोन माकडटोप्या आणि जाड बांधणीची एक डायरी निघाली. कपडे नावापुरते. "थंडीचं काय ते तुमच्याकडे असेलच की," म्हणाले. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेला माणूस डायरी मात्र न विसरता आणतो, कारण आमचे बाबा नगरच्या लष्करी डेपोत पस्तीस वर्षं सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. मोजल्याशिवाय आणि लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

आम्ही पूलला राहतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, डॉर्सेटमधलं हे गाव. पहिला आठवडा बाबांनी खिडकीतच काढला. आमच्या गल्लीतून सकाळी दहा ते बारा या वेळात सरासरी अकरा माणसं आणि चार कुत्री जातात, हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं. बाबांनी चार दिवसांत ते डायरीत उतरवलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, माणसं ठेवता कुठे तुम्ही इथे?"

म्हणून रविवारी त्यांना लुलवर्थचा समुद्र दाखवायला निघालो. वाटेत रस्त्याकडेला एक पाटी लागली. लाल त्रिकोण आणि त्यात रणगाड्याचं काळं चित्र. पुढे रणगाडे रस्ता ओलांडतात, सांभाळून चालवा. मागच्या सीटवर पेंगणारे बाबा ताडकन सरळ बसले. "थांबव, थांबव! हे तर आपलं के. के. रेंज!"

के. के. रेंज म्हणजे लष्कराचा रणगाड्यांच्या सरावाचा माळ. नगरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं, चालवून घ्या.) लहानपणी दूर रेंजवर धडाम झालं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि आजी पोळी लाटता लाटता म्हणायची, "झाली यांची सकाळ." भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे आणि फराहबागेजवळ रणगाड्यांचं संग्रहालयही. शाळेची सहल दरवर्षी तिकडेच. 1965 च्या युद्धात पकडलेल्या पॅटन रणगाड्याच्या पुढ्यात उभं राहून काढलेला फोटो आमच्या पिढीतल्या निम्म्या नगरकरांकडे सापडेल.

तर लुलवर्थचा समुद्र राहिला आणि आम्ही बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात शिरलो. नवऱ्याने तिकिटं काढली. बाबांनी मनातल्या मनात पौंडाला रुपयांनी गुणलं आणि थोडा वेळ बोलायचे थांबले.

आत जगातला सगळ्यात जुना शिल्लक रणगाडा आहे, 'लिटल विली'. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनांकडे ढकलायला केलेला लोखंडी डबाच म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धात ट्युनिशियात पकडलेला आणि अजूनही चालू असलेला जर्मन रणगाडा टायगर आहे, त्याच्याभोवती पोराटोरांची गर्दी. बाबा या दोघांजवळ फार रेंगाळले नाहीत. ते थांबले मार्क फोरपाशी, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यापाशी.

ते धूड समभुज चौकोन दोन्ही कडांनी ओढून लांबवावा तसं दिसतं. वजन 28 टन. आत आठ माणसं. इंजिनला वेगळी खोली नाही, ते माणसांच्या मधोमध उघडंच. आतली उष्णता पन्नास अंशांवर जायची, धुराने माणसं बेशुद्ध पडायची. वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे बाबा सकाळी भुईकोट किल्ल्याला फेरी मारतात तेवढाच. आणि वळायचं असेल तर एकट्या ड्रायव्हरचं काम नव्हे. कमांडर ब्रेक ओढणार, मागे बसलेले दोघे आपापल्या बाजूचा गिअर बदलणार, तेव्हा कुठे तो हत्ती डावीकडे वळायचा. इंजिनच्या आवाजात हाका ऐकू जात नसत. मग ड्रायव्हर पान्याने इंजिनच्या झाकणावर ठोकायचा आणि बोटांनी खूण करायचा. ही सगळी माहिती तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी दिली. ते निवृत्त सैनिक. बाबांचं इंग्रजी लष्करी कागदपत्रांचं आणि त्या आजोबांचं डॉर्सेटच्या खेड्यातलं, तरी दोघांचं एवढं जमलं की मी आणि नवरा दुभाषे म्हणून बाद झालो.

"हे सगळं डोकं कुणाचं?" बाबांनी विचारलं.

आजोबा म्हणाले, डोकी पुष्कळ होती. पण सगळ्यात तल्लख डोकं फुलरचं. मग थोडं थांबून त्यांनी जोडलं, सगळ्यात बिघडलेलंही त्याचंच.

बाबांनी डायरीत 'फुलर' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पुढचे दोन महिने त्या प्रश्नचिन्हामागे आम्ही बापलेक लागलो होतो. वाचनालयातून पुस्तकं आणायची मी, वाचून दाखवायची मी, उलटतपासणी करायचे ते.

जॉन फ्रेडरिक चार्ल्स फुलर. जन्म 1878, चिचेस्टरचा. आमच्यापासून दीड तासावरचं हे गाव. ठेंगणा, टोकदार नाकाचा. नेपोलियनचं वेड आणि तोराही तसाच, म्हणून सैन्यात त्याला 'बोनी' म्हणत, बोनापार्टचं लाडकं रूप. वीस-एकविसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात गेला. नंतर पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथल्या धर्मग्रंथांनी त्याला पार झपाटलं. बाकीचे गोरे अधिकारी पोलो आणि डुकरांची शिकार यांत बुडालेले असताना हा वेदान्त आणि योगाची पुस्तकं उघडून बसायचा. पुढे विषमज्वर झाला आणि त्याची रवानगी मायदेशी झाली. योगावर त्याने 1925 मध्ये एक पुस्तकही लिहिलं.

"म्हणजे आपलाच की!" बाबा खूश. त्यांना कुणीही गोरा योग करताना दिसला की तो आपला वाटतो.

जरा थांबा म्हटलं. हिंदुस्थानातल्या त्याच काळात हा अॅलिस्टर क्राउलीच्या नादाला लागला. क्राउली म्हणजे त्या वेळचा बदनाम मांत्रिक, जारणमारणाच्या गप्पा मारणारा श्रीमंत उडाणटप्पू. क्राउलीने जाहीर केलं, माझ्या लेखनावर जो उत्तम निबंध लिहील त्याला शंभर पौंड. निबंध आला एकच, फुलरचा. अर्थातच पहिला नंबर. 1907 मध्ये तो पुस्तक होऊन छापला गेला. बक्षिसाचे पैसे मात्र काही आले नाहीत. बाबांना हा किस्सा इतका आवडला की नगरला फोन करून त्यांनी तो काकाला तीनदा सांगितला. 1911 मध्ये दोघांचं फाटलं. पण 'सामान्यांना न दिसणारं मला दिसतं' ही खोड काही त्या माणसाच्या अंगातून गेली नाही, असं मला पुढचं सगळं वाचताना वाटत राहिलं.

आणि गंमत म्हणजे त्याला दिसतही होतं.

1916 च्या डिसेंबरात तो रणगाडा दलाच्या मुख्यालयात आला. रणगाडे तोवर दोन-चार महिन्यांपूर्वीच रणांगणावर उतरले होते, तेही मूठभर, आणि निम्मे वाटेतच बंद पडले होते. 1917 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरसेनापतींनी बेल्जियममध्ये ईप्रच्या पुढे मोठी चढाई केली. जमीन पाणथळ, त्यात तोफांनी चाळण झालेली आणि वरून पाऊस. रणगाडा दलाच्या मुख्यालयातून रोज एक नकाशा वर जायचा. दलदल कुठे कुठे पसरली ते त्यावर निळ्या रंगाने दाखवलेलं. निळा रंग रोज वाढत चालला. अखेर वरून निरोप आला म्हणतात, हे नकाशे पाठवणं बंद करा.

इथे बाबा मोठ्याने हसले. पस्तीस वर्षं 'अमुक वस्तू शिल्लक नाही' असे शेरे वर पाठवून 'शेरे पाठवू नका' अशी उत्तरं मिळवलेला माणूस तो. फुलरशी त्यांचं नातं जुळलं ते त्या निळ्या नकाशापाशी.

फुलर आणि त्याच्या मंडळींनी वेगळी जमीन शोधली. फ्रान्समधलं कांब्रे, खडूची, कोरडी, टणक जमीन. 20 नोव्हेंबर 1917 च्या पहाटे 476 रणगाडे धुक्यातून निघाले. आधी आठवडाभर तोफा डागून शत्रूला जागं करायचा रिवाज त्या दिवशी मोडला. प्रत्येक रणगाड्याच्या डोक्यावर काटक्यांची अजस्र मोळी. जर्मनांचे खंदक मार्क फोरच्या आवाक्याबाहेर रुंद होते, म्हणून खंदकात मोळी टाकायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. या मोळ्या बांधल्या चिनी मजुरांनी, दलाच्या कार्यशाळेत. एका दिवसात आठेक किलोमीटर आत. ईप्रच्या चिखलात एवढ्याच वाटेला साडेतीन महिने लागले होते. इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजल्या.

घंटा घाईने वाजल्या होत्या. दहा दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, जर्मनांनी उलटा हल्ला केला आणि बरीच जमीन परत घेतली. श्रेयही एकट्या फुलरचं नाही. दलाचा प्रमुख ह्यू एलिस स्वतः रणगाड्यात बसून पुढे गेला होता आणि तोफखान्याने नेम धरायची नवी पद्धत काढली नसती तर सगळंच फसलं असतं. पण पुढच्या वर्षी फुलरने जी योजना लिहिली ती खास त्याचीच. शत्रूच्या हातापायांना जखमा करत बसू नका, सरळ मेंदूत गोळी घाला. म्हणजे वेगवान रणगाडे आणि विमानं आघाडी फोडून मागच्या मुख्यालयांवर न्यायची. हुकूम देणारेच गोंधळले की पुढचं सैन्य आपोआप कोसळतं. 1919 साठीची ही योजना होती. युद्ध 1918 च्या नोव्हेंबरातच संपलं आणि योजना कागदावर राहिली. ती पुढे कुणी अमलात आणली ते सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मन सेनापती गुडेरियन ज्यांचं लेखन वाचून शिकला त्यांत फुलर होता.

आपल्याकडचे घोडेस्वारही त्या वेळी फ्रान्सातच होते, हे सांगायचं राहिलं. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स. घोडे घेऊन खंदकांमागे वाट बघत उभे. त्याच पूना हॉर्सचे ले. कर्नल तारापोर 1965 मध्ये रणगाड्यात लढताना पडले आणि परमवीर झाले. पुण्याच्या शाळेत शिकलेला माणूस. घोड्यावरून रणगाड्यावर यायला त्या पलटणीला जी वर्षं लागली, त्याच वर्षांत फुलर इकडे ओरडत होता की घोडे सोडा, घोडे सोडा.

कुणी ऐकलं नाही, आणि इथूनच तो कडू होत गेला.

आता थोडं भरभर सांगते, कारण हा भाग सगळ्या सरकारी कचेऱ्यांमध्ये सारखाच असतो. 1927 मध्ये ब्रिटिश लष्कराने यांत्रिक दलाचा प्रयोग करायचं ठरवलं आणि ते काम फुलरकडे दिलं. आयुष्यभर जे मागितलं ते ताटात वाढून आलं. हा म्हणाला, त्याबरोबर पायदळाच्या ब्रिगेडचं आणि छावणीचं काम माझ्या गळ्यात नको आणि मला वेगळे मदतनीस हवेत. वर म्हणाले, जमणार नाही. याने थेट राजीनामा लिहिला, मग मागे घेतला. काम गेलं दुसऱ्याकडे.

1930 मध्ये मेजर जनरल झाला. आणि त्यानंतर त्याच्यापुढे आली मुंबई. मुंबईचा लष्करी विभाग, दुय्यम दर्जाचा. फुलरने नाही म्हटलं.

"मुंबई नको?" बाबांचा विश्वास बसेना. "अरे, मुंबई!"

मी म्हटलं, बाबा, त्याच्या लेखी ती शिक्षेची बदली होती.

हे त्यांना लगेच पटलं. बदलीची भाषा त्यांना कळते. त्यांना स्वतःला एकदा बढतीवर झाशीजवळ जायचं होतं. आई आजारी, मी दहावीला. त्यांनी नाही लिहून दिलं आणि निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर राहिले. पुष्कळ वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "नाकारायचं तर नाकारावं. पण मग कुढू नये. ऑफिसात असे चार बघितलेत मी. एकदा त्यांचं बरोबर निघालेलं असतं. मग उरलेली नोकरी, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं."

मुंबईला न आलेल्या या जनरलने 1931 मध्ये हिंदुस्थानातल्या उठावावर पुस्तक मात्र लिहिलं. इकडे तेव्हा काय चाललं होतं? मिठाचा सत्याग्रह झालेला, 1930 च्या मे महिन्यात सोलापूरला मार्शल लॉ पुकारलेला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी. बाबांचं आजोळ सोलापूरचं. ती चार नावं त्यांनी मला न अडखळता सांगितली, आणि म्हणाले, "नाही आला ते बरंच झालं."

अर्ध्या पगारावर घरी बसवून 1933 मध्ये लष्कराने फुलरला निवृत्त केलं. पुढच्या वर्षी तो ऑस्वाल्ड मोस्लीच्या ब्रिटिश फॅसिस्ट पक्षात गेला.

इथवर मी त्याला मनात 'ते' म्हणत होते. पुढे जमलं नाही.

मोस्लीबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. तो लॉर्ड कर्झनचा जावई, बंगालची फाळणी करणाऱ्या त्याच कर्झनचा. स्वतः पहिल्या महायुद्धात घोडदळात आणि विमानदळात अधिकारी होता. आधी हुजूर पक्ष, मग मजूर पक्ष, मग स्वतःचा, आणि 1932 च्या ऑक्टोबरात फॅसिस्ट पक्ष. कार्यकर्त्यांना काळा शर्ट, तलवारबाजीच्या अंगरख्यासारखा, कारण मोस्ली तलवारबाज. एका मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राने सुरुवातीला त्यांचा जयजयकारही केला. जून 1934 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात प्रश्न विचारणाऱ्यांना काळ्या शर्टांनी सगळ्यांदेखत झोडपून काढलं, तेव्हा पुष्कळ सभ्य पाठीराखे मागे सरकले. फुलर आत आला तो त्याच वर्षी. पक्षाची बांधणी कशी सुधारावी याचा अहवाल त्याने मोस्लीला लिहून दिला आणि धोरण ठरवणाऱ्या मंडळात जाऊन बसला. हिंसेने तो हलला नाही. त्याला खटकला तो पक्षाचा ढिसाळ कारभार!

माझ्या बाबांविषयी इथे खरं लिहायला हवं. मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. वीज गेली, एसटी उशिरा आली, महापालिकेने खड्डा बुजवला नाही, की बाबा म्हणणार, "या देशाला दोन वर्षं मिलिटरी राजवट पाहिजे. सुतासारखा सरळ होतो की नाही बघा." तुमच्याही घरी कुणीतरी म्हणत असेल. कुणी 'हिटलर पाहिजे' म्हणतं, कुणी 'हंटर पाहिजे'. म्हणणारा माणूस स्वतः मुंगीसुद्धा मारत नाही. फुलरचंही गाऱ्हाणं मुळात तेच होतं. लोकशाहीत मूर्खांना मत असतं, समित्या बसतात, नकाशे परत येतात आणि माझे रणगाडे होत नाहीत.

मोह काही त्याला एकट्याला झाला नव्हता. 1931 च्या मार्चमध्ये आपले हिंदू महासभेचे डॉ. मुंजे रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांच्या लष्करी संघटना पाहून भारावले आणि पुढे 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या साहेबांचा मुलगा होता भोसलाला. चांगली शाळा." आणि मग आपणहूनच, "नेहरू नाही भेटले पण. मुसोलिनीने बोलावलं होतं, हे गेले नाहीत." ते खरं आहे. 1936 मध्ये नेहरूंच्या पत्नी कमलाबाई स्वित्झर्लंडला वारल्या, नेहरू रोममार्गे परतत होते. निमंत्रण आलं, त्यांनी नाही म्हटलं. नगरच्या माणसाला नेहरूंचं हे असलं सगळं पाठ असतं, ते आमच्या किल्ल्यात कैदी होते ना.

फुलरचं पुढचं वाचताना मात्र बाबा मध्ये मध्ये 'बास' म्हणायला लागले. 1935 मध्ये पक्षाच्या त्रैमासिकात त्याने लेख लिहिला. युरोपला कर्करोग झालाय आणि तो म्हणजे ज्यू, असं त्यात म्हटलेलं. रणनीतीत ज्याचं वाक्य न् वाक्य तपासून घेतलेलं असायचं तो माणूस इथे बाजारगप्पांवर विसंबून लिहितो. आणि हाच माणूस दोन वर्षांनी कबालावर, म्हणजे ज्यूंच्याच गूढविद्येवर, पुस्तक काढतो! त्यांची विद्या पाहिजे, माणसं नकोत. 1935 मध्येच इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा हा वार्ताहर म्हणून इटालियन सैन्याबरोबर होता. मग हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनची वारी. नॉर्डिक लीग नावाच्या गुप्त, ज्यूद्वेष्ट्या मंडळातही होता.

मधेच आम्ही लंडनला गेलो होतो, बाबांना राजवाडा बघायचा होता म्हणून. शॅडवेल स्टेशनवर उतरून मी त्यांना केबल स्ट्रीटलाही नेलं. 4 ऑक्टोबर 1936, रविवार. मोस्लीचे काळे शर्ट ज्यूंच्या वस्तीतून संचलन काढणार होते. हजारो पोलीस त्यांना वाट करून द्यायला. समोर ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट आणि वस्तीतल्या बायका. लॉरी आडवी पाडली, पोलिसांच्या घोड्यांच्या टापांखाली गोट्या पसरल्या, वरच्या खिडक्यांतून बायकांनी हाताला येईल ते फेकलं, रात्रीची लघवीची भांडीसुद्धा रिकामी केली म्हणतात. संचलन मागे फिरलं. पुढच्या वर्षापासून राजकीय गणवेशांवर कायद्याने बंदी आली. तिथल्या जुन्या टाउन हॉलच्या अख्ख्या भिंतीवर हे सगळं रंगवलंय. 1983 मध्ये ते चित्र पुरं झालं. आता वस्तीत बांगलादेशी खूप. कोपऱ्यावर आम्ही समोसे घेतले, बाबांनी दुकानदाराशी हिंदीत गप्पा मारल्या. भिंतीकडे परत येऊन त्यांनी खिडकीतली बाई शोधली आणि पाच मिनिटं तिच्याकडेच बघत राहिले. "शेवटी लष्करी मोर्चा अडवला कुणी, तर हिने. भांड्याने." डायरीत नोंद झाली.

20 एप्रिल 1939. हिटलरचा पन्नासावा वाढदिवस. बर्लिनमध्ये मानाच्या पाहुण्यांत मेजर जनरल फुलर. तीन तास त्याच्यासमोरून रणगाडे आणि यांत्रिक तोफा गडगडत गेल्या, ब्रिटिशांनी त्याला जे दिलं नाही ते सगळं. नंतर हिटलरने विचारलं, आपली मुलं पाहून आनंद झाला असेल? फुलर म्हणाला, इतक्या लवकर मोठी झालीत की ओळखूच येत नाहीत. हा संवाद त्यानेच लिहून ठेवलाय. लपवावासा वाटला नाही.

साडेचार महिन्यांनी त्या मुलांनी पोलंड चिरडलं. 

1940 च्या मे महिन्यात मोस्लीला पकडलं, पुढे पक्षाचे सातशेच्या वर लोक खटल्याविना तुरुंगात गेले. सैन्यातून आलेला खासदार कॅप्टन रॅम्झीसुद्धा. फुलरला हात लागला नाही. का, यावर इतिहासकार आजवर भांडताहेत. गुप्तहेर खात्याचा डोळा होता, सरसेनापती अॅलन ब्रुकच्या दैनंदिनीतही त्याच्या उद्योगांची नोंद आहे, पण तो बाहेरच राहिला आणि वर्तमानपत्रांत लिहीत राहिला. जर्मन शहरांवरच्या बॉम्बवर्षावाला त्याने कडाडून विरोध केला. त्यातलं काही आज वाचताना पटतंही, आणि पटलं की मला अवघडल्यासारखं होतं.

युद्धानंतर युद्धेतिहासाचे जाडजूड खंड लिहिले, जाणकार ते अजून वाचतात. 1963 मध्ये लष्करी लेखनासाठीचं मानाचं चेस्नी पदकही मिळालं. 1966 मध्ये कॉर्नवॉलच्या फाल्मथला, समुद्राकाठी, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेला.

परत जायच्या आदल्या शनिवारी बाबांना पुन्हा बोव्हिंग्टनला जायचं होतं. तिकीट वर्षभर चालतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पावतीवर वाचून ठेवलं होतं. स्वयंसेवक आजोबा होते. बाबांनी त्यांना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि ती कशाबरोबर खायची ते हातवारे करून सांगितलं. मग रणगाडा दलाच्या झेंड्याचे रंग विचारले. तपकिरी, लाल, हिरवा. चिखलातून, रक्तातून, पलीकडच्या हिरव्या शेतांकडे. हा अर्थही फुलरनेच लावला होता म्हणतात.

बाबांनी मार्क फोरच्या मागच्या बाजूला वाकून आत डोकावायचा प्रयत्न केला. गिअर टाकणारे ते दोघे नेमके कुठे बसायचे, त्यांना बाहेरचं काही दिसायचं का? आजोबा म्हणाले, काही नाही. ठोक्याचा आवाज आला की गिअर टाकायचा, इतकंच.

मी फोटो काढला. बाबांनी तो तिथल्याच गावात दुकानातून कागदावर काढून घ्यायला लावला, मोबाइलमधला फोटो त्यांना फोटो वाटत नाही. विमानतळावर रांगेत उभे असताना त्यांनी तो खिशातून काढून पुन्हा पाहिला. मागच्या बाजूला त्यांच्या स्टोअरच्या रजिस्टरमधल्या अक्षरात लिहिलेलं होतं: बोव्हिंग्टन. मार्क 4. वजन 28 टन. माणसे 8, पैकी बाहेरचे न दिसणारी 2.